कायद्यानं झालेली धुंड

मुंबईला विधानसभेत तो कायदा आला तेव्हा एकाही आमदारानं 'नाही' म्हटलं नाही, असं विमलताई मला सांगत होत्या आणि मला हसू फुटलं.

"हसून काहून राह्यली?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. विमलताई दिग्रसच्या वकील. बायकांच्या तक्रारी घेतात, फी मागत नाहीत, आणि कोणी रडायला लागलं तर आधी चहा पाजून मग ओरडतात.

"आमच्या नसाबीतबी एकमतच झालतं ताई," मी म्हटलं.

नसाब म्हणजे आमच्या तांड्याची पंचायत. ती नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुख्याच्या, ओट्यावर बसते. आम्हाला वाळीत टाकायचा ठराव झाला तेव्हा तिथंही एकानं हूं की चूं केलं नाही. एकमतासारखी स्वस्त गोष्ट नाही. हात वर करायला काय लागतं? तो खाली आल्यावर काय करायचं, ते कोणी विचारत नाही.

विमलताईंनी कायदा वाचून दाखवला. जातपंचायतीनं कोणाला वाळीत टाकलं, लग्नात, मयतीत, कुठल्याही विधीत सामील होऊ दिलं नाही, तर तीन वर्षांपर्यंत आत. मी तिथंच त्यांना थांबवलं. "विधी म्हणजे धुंड येते काय त्यात?"

"कोणतीबी रीत येते," त्या म्हणाल्या. "काहून?"

कारण मला माझ्या मुलाची धुंड करायची होती. दुसरं काही नको होतं.

झालं होतं ते असं. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळीच्या धास्तीनं जो तो फवारत सुटला होता. माझा दीर खेमसिंग मजुरीनं फवारायला जायचा. हिरासिंग नायकाच्या वावरात त्यानं सलग फवारलं. कपाशी उंच, त्यामुळे पंप वर धरायचा, आणि वरून खाली येणारं औषध त्याच्याच नाकातोंडात. संध्याकाळी डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाला, मग उलट्या. यवतमाळच्या दवाखान्यात नेला तो परत आला नाही. त्याचं लग्न ठरायचं होतं. होळीत गाणाऱ्यांत त्याचा गळा सगळ्यांत वरचा असायचा.

चौकशीला साहेब आले. कोणाच्या वावरात फवारत होता, एवढंच त्यांना हवं होतं. हिरासिंग नायक नात्यानं माझ्या नवऱ्याचा, राजकुमारचा, चुलता. त्यानं राजकुमारला आदल्या दिवशीच गोठ्याकडे नेऊन पढवलं होतं की सांग, आपल्याच वावरात फवारत होता. राजकुमार तसा मऊ माणूस, बैल अडला तरी त्याची समजूत काढत बसणारा. पण साहेबांपुढं तो सरळ म्हणाला, "हिरासिंग काकाच्या वावरात. तोंडाले बांधायले फडकं बी देल्लं नोतं."

झालं. तांड्यातली गोष्ट तांड्याबाहेर नेली, हा आमचा गुन्हा ठरला. माणूस मेला तो गुन्हा नाही.

त्या दिवसापासून चक्कीवाला आमचं दळण घेईना. मी हातपंपावर गेले की बायका अर्धी भरलेली भांडी उचलून चालू लागायच्या. ज्या बाया माझ्या लग्नात माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, त्या माझ्यातून आरपार बघायला शिकल्या. लहान पोरंसुद्धा मला पाहून खेळ थांबवायची, आणि खरं सांगते, ते सगळ्यांत जास्त झोंबायचं. मोठ्यांचा मला नुसता संताप यायचा.

थंडीत पुसदला, माझ्या माहेरी, मला मुलगा झाला. त्याला घेऊन तांड्यात आले तर कोणी बाळाचं तोंड बघायला आलं नाही. नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. आमच्यात मुलाचं खरं नाव धुंडीतच घेतलं जातं. मागच्या होळीपासून या होळीपर्यंत ज्या घरी मुलगा झाला, त्या घरी धुळवडीच्या दिवशी सगळा तांडा येतो. आई बाळाला मांडीवर घेऊन अंगणात बसते. त्याच्यावर दोघं एक काठी आडवी धरतात आणि बाकीचे पुरुष तिच्यावर आपापल्या काठ्या वाजवत आशीर्वाद गातात. गाणारा विचारतो, नाव काय, आणि घरचा माणूस ओरडून नाव सांगतो, की ते लगेच गाण्यात जातं. एवढ्या दणक्यानं पोरगं घाबरून रडतंच. ते रडलं की म्हाताऱ्या खूश होतात. तांड्यानं हाक मारली, लेकरानं ओ दिली, म्हणतात. ज्याची धुंड झाली नाही तो मोठा झाला तरी तांड्यात पाहुणाच. त्याच्या लग्नात लोक बोट दाखवतात.

माझ्या मुलाकडे कोणी बोट दाखवावं हे मला मंजूर नव्हतं. विधानसभेनं कायदा केलाच आहे, तर तो कधीतरी आमच्या अंगणापर्यंत चालत यावा, एवढीच माझी इच्छा होती.

होळी जवळ आल्यावर विमलताई मला घेऊन ठाण्यात गेल्या. जमादारानं नायकाला बोलावून घेतलं. हिरासिंग आला तो परीटघडीचा सदरा घालून, हात जोडून, जणू ठाण्यात त्याचा सत्कार होता.

"कोणी अडवलं हो साहेब?" तो म्हणाला. "हे आमच्या घरची सून हाय. शिकलेली हाय, तिले वाटते का सारे तिच्या मांगं लागले. करा ना धुंड. कोण नाई म्हणून राह्यलं?"

"सगळा तांडा यायले पाह्यजे," विमलताई म्हणाल्या. "एकबी माणूस कमी आला त मी इथं परत येतो."

"येईन ताई. सारे येतील. कायदा हाय म्हणल्यावर काय."

जमादार खूश झाला. प्रकरण मिटलं की त्याला जेवायला जायचं होतं. बाहेर चहाच्या टपरीपाशी विमलताई पैसे द्यायला थांबल्या तेव्हा हिरासिंग माझ्याजवळ आला. आवाज एकदम घरचा करून म्हणाला, "बबिता, राजकुमारले म्हण बयान फिरव. बस, एवढंच. मंग नंगारा घेऊन येतो. तुह्या पोराची अशी धुंड करतो का पुसदपर्यंत ऐकू जाईन."

"अन नाई फिरवलं त?"

"त कायद्यानं येतो," तो म्हणाला आणि हसला.

ते हसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी रागात होते, आणि राग आला की मला समोरच्याचं फक्त तोंड दिसतं, डोकं दिसत नाही.

घरी येऊन सांगितलं तर राजकुमार उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "फिरवू काय? खेमा काई वापस येत नाई. पोराचं त होऊन जाईन."

मी तोंड उघडायच्या आत आतून माझी सासू बोलली. तिला मी याडी म्हणते. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. बसंतीबाई हे तिचं नाव, पण खेमसिंग गेल्यापासून ती वसंत ऋतूची राहिली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडायची. धाकट्याचं नाव तिनं त्यानंतर एकदाही घेतलं नव्हतं.

"बयान फिरवशीन त मले याडी म्हणू नको," ती राजकुमारला म्हणाली. मला वाटलं, चला, सासू माझ्या बाजूची झाली. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "अन तू! पोलीस आणून कोणाची धुंड होते व? लगन बी पोलीस उभे करून केलं असतं का? मले लापशी रांधायले सांगू नको. मी उठत नाई."

"मंग काय करू? पोराले असाच ठेवू?"

"तुह्या कायद्याले विचार."

तिच्यावर मी चिडले, फार चिडले. म्हातारीला कशातच राम नाही, हे नको, तेही नको, असं मनात म्हणत एकटीनं गहू भरडले, गूळ चिरला आणि घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं घासलं. सगळा तांडा येणार म्हटल्यावर लापशी कमी पडायला नको होती.

आमच्यात होळी पहाटे पेटते. त्या पहाटे आम्ही आमच्या दारातूनच ती बघितली. ऊन चढल्यावर जमादार मोटारसायकलवर आला, मागं विमलताई. मी नवी फेटिया, आमचा घागरा, नेसले होते, मुलाच्या कपाळाला हळद लावली होती, आणि त्याला मांडीवर घेऊन अंगणात बसले होते.

नायकाच्या घरीही त्याच साली नातू झाला होता. मानानं त्याची धुंड आधी व्हायची. पण हिरासिंग म्हणाला, "सरकारी काम आधी उरकून घेऊ," आणि सगळे आमच्या अंगणात आले. सगळे म्हणजे खरंच सगळे. काठीवाले पुरुष, फुलसिंग म्हातारा, जो तांड्याचा गाणारा आणि नंगारा वाजवणारा, बाया, पोरं. विमलताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, जिंकले.

मग माझ्या लक्षात आलं की फुलसिंगच्या गळ्यात नंगारा नाही.

दोघांनी मुलावर काठी आडवी धरली. एकेक जण पुढं आला. त्यानं आपली काठी त्या काठीवर टेकवली. वाजवली नाही, टेकवली. आणि बाजूला झाला. मग दुसरा. मग तिसरा. कोणाच्या तोंडातून शब्द नाही. कोणी नाव विचारलं नाही. बाया माझ्या पातेल्याजवळ उभ्या होत्या. दरवर्षी त्या पातेल्याची राखण करत पुरुषांना झोडपून काढतात आणि पुरुष मार खाऊनही ते पळवतात. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखतात. त्या दिवशी कोणी पातेल्याला हात लावला नाही. लापशीवर साय धरत होती. पोरांनासुद्धा घरून दम भरून आणलं होतं. एक पोरगी नुसती खोकली तर तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात दाबला.

आणि माझं लेकरू झोपून राहिलं. स्वतःच्या धुंडीत, सगळ्या तांड्यासमोर, ते गाढ झोपलं होतं, कारण त्याला उठवण्यासारखं तिथं काही घडतच नव्हतं. मी मान वर केली नाही. वर केली असती तर रडले असते आणि त्यांना ते बघायचं होतं.

"हे काय होय, हिरासिंग?" विमलताईंनी पुढं होऊन विचारलं. "गाणं कुठं हाय?"

हिरासिंगनं परत हात जोडले. "ताई, तुमच्या कलमात गाणं लिवलं असन त दाखवा. आत्ता गातो. लोक यायले पाह्यजे म्हणे, आले. काठी लावाले पाह्यजे, लावली. अजून काय रायलं, साहेब?"

जमादारानं विमलताईंकडे बघितलं. विमलताईंनी पिशवीतून कायदा काढला, पहिलं पान उघडलं आणि मिटला. मुंबईत ज्यांनी हात वर केले त्यांच्या मनात हे कधी आलं नसणार की माणसं येतील आणि येणारच नाहीत.

"धुंड झाली," जमादार म्हणाला, आणि गाडीला किक मारली.

विमलताई जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उद्या आणखी अर्ज लिवू."

"काय लिवाल, ताई? गायले नाई म्हणून?"

त्या गाडीवर मागं बसल्या. अंगण क्षणात रिकामं झालं. मी मुलाला घेऊन तशीच बसून राहिले. राजकुमार भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. बरं झालं नव्हती. त्या वेळी तो काहीही बोलला असता तरी मी त्याच्या अंगावर गेले असते.

आमचं घर नायकाच्या घराला लागून आहे. दोन्ही अंगणांच्या मध्ये फक्त पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, कूड, कमरेएवढं. पलीकडं नंगारा कडाडला. इतक्या जोरात की आमच्या पत्र्यावरची चिमणी उडाली. आता त्यांची धुंड सुरू झाली होती, खरी. हिरासिंगनं आजोबाच्या हौसेनं काठीचं एक टोक स्वतः धरलं होतं. काठ्यांचा खणखणाट, फुलसिंगचा चिरका, रानातून येतो तसा आवाज, बायांच्या आरोळ्या, सगळं एकदम. आमच्याकडे गिळून धरलेलं सगळं गाणं त्यांनी तिकडं ओतलं. आम्हाला ऐकू जावं म्हणूनच ओतलं.

मी उठून आत जायला निघाले, तर दारात याडी उभी होती. कित्येक दिवसांत मी तिला उभी पाहिली नव्हती. तिच्या हातात खेमसिंगची होळीची काठी होती, आढ्यात खोचून ठेवलेली.

"कुठी चालली?" ती म्हणाली. "बस कुडापाशी."

"याडी, काय तमाशा..."

"बस म्हणतो ना. गाणं काय हिरासिंगच्या बापाचं होय? कान त आपले हायत."

मला तिचं कळलं नाही, पण तो आवाज जुना होता, घर चालवणारा, आणि मी बसले. कुडाला अगदी लागून, आमच्याच जमिनीवर. मुलाला मांडीवर घेतलं. याडीनं काठीचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं राजकुमारच्या हातात कोंबलं. काठी माझ्या लेकराच्या वर आडवी झाली. पलीकडचा खणखणाट हातभरावरून येत होता. नंगाऱ्याची थाप जमिनीतून माझ्या मांडीत शिरत होती.

लेकरू दचकून जागं झालं आणि असं रडलं, असं रडलं, की पलीकडच्यांच्या माना वळल्या.

"ओ देल्ली!" याडी ओरडली.

फुलसिंग तेव्हा डोळे मिटून गात होता. गाणं नावाच्या जागेवर आलं होतं. हिरासिंगच्या मुलानं नाव सांगायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी कुडाअलीकडून माझी सासू सगळ्या छातीनं ओरडली:

"खेमसिंग! खेमसिंग नाव हाय याचं!"

फुलसिंगचा जन्म त्या गाण्यात गेला होता. नाव कानावर पडलं की गळ्यानं उचलायचं, एवढंच त्याला माहीत. त्यानं उचललं. हिरासिंग नायकाच्या अंगणात, त्याच्या नातवाच्या डोक्यावर काठ्या वाजत असताना, सगळ्या तांड्यानं फुलसिंगच्या मागं ते नाव घेतलं. खेमसिंग. घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

"बंद!" हिरासिंग ओरडला. "बंद करा!"

नंगारा थांबला. काठ्या थांबल्या. आता तिकडंही तीच शांतता झाली जी आमच्याकडे होती. दोन्ही अंगणांत मिळून फक्त माझं लेकरू रडत होतं.

आणि मग नायकाची बायको चंदाबाई नवऱ्यावर तुटून पडली. इतक्या महिन्यांत माझ्याशी अक्षर न बोललेली ही बाई, पण मी त्या क्षणी तिचे पाय धरले असते. "काहून थांबवलं?" ती किंचाळली. "अर्धी धुंड सोडता? माह्या नातवाले अर्धा ठेवता काय? आजवर कोणाची अर्धी सोडली? काई झालं त्याले त तुमच्या तोंडात माती घालीन मी!"

अर्धी धुंड ही न झालेल्या धुंडीपेक्षा वाईट. हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाया कुजबुजायला लागल्या. हिरासिंगच्या हातात काठीचं टोक होतं आणि एकदा धरलेली काठी धुंड संपेपर्यंत खाली ठेवता येत नाही. त्यानं कुडाकडे बघितलं. याडी त्याच्याकडेच बघत होती. तिच्याही हातात काठी होती.

"गाय," तो फुलसिंगला म्हणाला. हळूच म्हणाला.

"कुठून गाऊ, नायक?" फुलसिंगनं विचारलं. त्या विचारण्यात काही नव्हतं, म्हातारा घाबरलेला होता. पण सगळ्यांना उत्तर माहीत होतं. धुंडीचं गाणं जिथं तुटलं तिथूनच धरावं लागतं.

हिरासिंगनं मान खाली घातली. "जिथून सोडलं तिथून."

फुलसिंगनं थाप मारली आणि खेमसिंगचं नाव घेतलं. त्याच्या मागं तांड्यानं घेतलं. कोणी आमच्याकडे बघितलं नाही, कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी हातपंपावर बाया भांडी उचलून गेल्याच. पण त्या वेळी त्यांना गावं लागलं. आणि ज्याच्या वावरात माझा दीर मेला, तो माणूस आपल्या नातवावर काठी धरून ते नाव ऐकत उभा राहिला.

"अजून एक खेप, फुलसिंग," याडी कुडावरून म्हणाली. "नायकाले कमी ऐकू येते."

फुलसिंगनं अजून एक खेप घेतली.